काचेतून दिसलेली बाई

१

शिकवणीच्या खोलीचं कुलूप तुटलेलं नव्हतं, कडी वाकलेली नव्हती, आणि तरीही कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी रुग्ण, शिवणकामवाली बाई, आतल्या फरशीवर सापडली.

ती वाचली. चहाची गाडी ढकलत जाणाऱ्या मामांना दार किलकिलं दिसलं, त्यांनी सहज डोकावलं आणि आरोळी ठोकली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, सगळं वेळेत झालं. संध्याकाळपर्यंत तिच्या जिवाचा धोका टळला. पण तिने स्वतःला इजा करून घेतली होती. आणि ज्या वस्तूने करून घेतली, ती आक्कांनीच स्वतःच्या हाताने त्या खोलीत ठेवलेली होती.

आक्का म्हणजे या मनोरुग्णालयाच्या निवृत्त मेट्रन. निवृत्त होऊनही आठवड्यातून एकदा त्या येत आणि नव्या-जुन्या सगळ्या नोकरवर्गाचा वर्ग घेत. आजारी माणूस स्वतःच्या जिवावर उठू नये म्हणून आपण काय पाहायचं, काय विचारायचं, कुठे हात घालायचा, हे शिकवायचा वर्ग. त्यासाठी त्यांनी एक खोली हुबेहूब रुग्णाच्या खोलीसारखी लावून घेतली होती. फरक एवढाच, की रुग्णाच्या खोलीत जे चुकूनही असता कामा नये, ते आक्का तिथे मुद्दाम ठेवत. मग एकेकाला पलंगावर आडवं करत आणि म्हणत, "आता तू रुग्ण आहेस. पड, आणि तिच्या डोळ्यांनी बघ. काय दिसतं?" उभं राहून ज्यांना काही सापडत नसे, त्यांना आडवं झाल्यावर सगळं दिसे.

पलंगाशेजारच्या खुर्चीत ठकी बसलेली असे. ठकी म्हणजे सरावाची बाहुली, माणसाएवढी, खऱ्यासारख्या केसांची वेणी घातलेली. आक्कांचा नियम कडक होता. ठकीला हलवायचं तर आधी तिला सांगायचं. "ताई, तुम्हाला जरा उचलते हं." वर्गात हसू फुटायचं. आक्का हसू देत, पण नियम सोडत नसत. बाहुलीशी जो नीट बोलत नाही, तो माणसाशी काय बोलणार?

"सरळ आहे," मोठे साहेब म्हणाले. रुग्णालयाचा कारभार पाहणारा हा गृहस्थ टापटिपीचा होता, आवाज कधी चढवत नसे. "काल सकाळचा वर्ग संपल्यावर तुम्ही कुलूप लावायला विसरलात. रुग्ण आपल्या खोलीतून उठून तिथे गेली. त्या मुलीचं लक्ष नव्हतं. उद्या सकाळी बैठक आहे. ती मुलगी घरी जाईल आणि तुमचा वर्ग बंद होईल."

"मी कुलूप लावलं होतं. ओढूनही पाहिलं होतं."

"बाई," साहेब अगदी मऊपणे म्हणाले, "या वयात असं वाटतं माणसाला."

आक्कांनी पदर खोचला. "वयाचं राहू द्या. बैठक किती वाजता आहे तेवढं सांगा. मी येणार आहे."

२

ती मुलगी म्हणजे वॉर्डातली सर्वांत नवी परिचारिका. काम करताना सारखी गुणगुणते म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. आज चिमणी कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या थप्पीवर डोकं टेकून बसली होती.

"रडून झालं का?"

"नाही."

"मग मी थांबते."

आक्का खरंच शेजारी बसून राहिल्या. चिमणीने नाक पुसलं. "आक्का, मी बघितलं होतं हो. फेरीला गेले, दाराच्या काचेतून बघितलं. त्या झोपल्या होत्या. परत गेले, तरी झोपलेल्या. सगळे म्हणतात मी थापा मारतेय. आताच्या मेट्रनबाईंनी तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"आत का गेली नाहीस?"

"साहेबांचा हुकूम ना! विश्रांतीच्या वेळी दार उघडायचं नाही, रुग्णांची झोपमोड होते, नातेवाईक तक्रार करतात. काचेतून बघा आणि पुढे चला."

हा हुकूम निघाला तेव्हा आक्का साहेबांशी भांडल्या होत्या. झोपलेल्या माणसाची छाती हलते की नाही हे काचेतून दिसतं का, असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर मिळालं नव्हतं, चहा मिळाला होता.

"कशी झोपली होती? नीट सांग."

"भिंतीकडे तोंड करून, कुशीवर. पांघरूण कानापर्यंत. वेणी उशीवर. आणि ऊन... उशीवर चांगलं ऊन आलं होतं, म्हणून तर मला स्पष्ट दिसलं."

"विश्रांतीच्या वेळी ऊन? पडदे ओढलेले नव्हते?"

चिमणीने चादरीचा काठ बोटाला गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "जेवणानंतर मीच ओढले होते. माझ्या हाताने."

३

कोपऱ्यातली खोली कालपासून कुणी उघडली नव्हती. आक्का आत गेल्या आणि आपण जगाला जे सांगतो तेच त्यांनी केलं. पांघरूण न हलवता त्या पलंगावर आडव्या झाल्या. गुडघे कुरकुरले, पण झाल्या.

पूर्वी या इमारतीत दारांना काचा नव्हत्या, त्यांना आठवलं. लोखंडी खाटांची एकच लांब ओळ होती आणि मधोमध एक स्टूल. स्टुलावर परिचारिका बसायची आणि ज्याला झोप नसेल त्याच्याशी बोलायची. जुनं सगळं चांगलं होतं असं मुळीच नाही. काही खोल्यांना तेव्हा बाहेरून अडसर असायचे आणि आतल्या हाका ऐकून न ऐकल्यासारखं करायची रीत होती. ते अडसर काढायला आक्कांना अर्धी नोकरी घालवावी लागली होती. पण ते स्टूल मात्र त्यांना हवं होतं. स्टूल गेलं आणि काच आली.

त्या भिंतीकडे वळल्या. वळताच उजवा खांदा गादीत रुतला.

उजवा खांदा!

शिवणकामवाल्या बाईचा उजवा खांदा मशीन चालवून चालवून आखडलेला होता. स्वतःची वेणीसुद्धा तिला घालता येत नसे, चिमणीच घालून द्यायची. त्या खांद्यावर ती घटकाभरसुद्धा पडली नसती. ती नेहमी उताणी झोपायची, उशीवर उशी रचून.

म्हणजे चिमणीने पाहिलेलं खरं होतं. झोपलेली बाई खरी नव्हती.

आक्का उठून बसल्या. ओठांवर हसू येऊ लागलं होतं, तेवढ्यात त्यांची नजर पलंगाच्या पायथ्याकडे गेली आणि हसू तिथेच विरलं. पांघरुणाचा कोपरा गादीखाली तिरका, घट्ट, पाकिटाच्या झाकणासारखा दुमडलेला होता. हल्ली चादरींना लवचीक शिवण असते, पांघरूण नुसतं पसरतात; असा कोपरा आता कुणी घालत नाही. फार वर्षांपूर्वी या इमारतीत शिकाऊ परिचारिकांची एक तुकडी होती, तिला आक्कांनी हा कोपरा शिकवला होता. दुमडीवर टाकलेलं नाणं उडालं पाहिजे, इतका ताणून. ती तुकडी पांगली, कुणी संसाराला लागल्या, कुणी देशांतराला गेल्या.

असा कोपरा घालणारे हात आता इमारतीत फक्त दोघींचे उरले होते. त्यातली एक आक्का स्वतः होत्या.

४

"मामा, खरं सांगा."

"आक्काबाई, मी खोटं बोलायला लागलो असतो तर बायको तीस वर्षं टिकली असती का?" मामा चहाच्या गाडीचं चाक पाण्याने धूत बसले होते. "उलट मी खरं बोललो म्हणूनच माझी ही गत. सकाळपासून सगळे मलाच विचारतायत, तुम्हीच का सापडलात तिथे! अहो, मी नाही सापडलो, ती सापडली."

"खोलीत काय काय दिसलं?"

"बाई दिसली, मग मला दुसरं काही दिसलं नाही." मामांचा आवाज उतरला. "नंतर, तिला घेऊन गेल्यावर, मी दार लावायला गेलो. दाराबाहेर चाकाची खुर्ची होती. आत ठकी नव्हती."

"कुठे गेली?"

"तेच तर. तिची खुर्ची रिकामी. मला वाटलं, वर्गानंतर तुम्ही ठेवली असेल कुठे. आणि संध्याकाळी परत गेलो तर ठकी कपाटात! तोंड मागच्या फळीकडे करून कोंबलेली. मी म्हटलं, आक्काबाई रागावलेल्या दिसतात, नाहीतर ठकीला अशी नसती ठेवली."

"त्या खोलीची दुसरी किल्ली कोण घेतं?"

"मेट्रनबाईंच्या खोलीत आकड्याला असते. कुणीही घेतं. मी घेतो, सफाईवाली घेते. साहेबसुद्धा पाहुण्यांना फिरवताना घेतात. काल तर फोटोवाला आला होता, तोही मागत होता."

"फोटोवाला?"

"रुग्णालयाची माहितीपुस्तिका निघतेय ना नवीन, गुळगुळीत कागदाची. साहेबांनी माझाही फोटो काढायला लावला. पोट आत घ्या म्हणाले. घेतलं, तर श्वासच बंद!"

आक्का हसल्या नाहीत. "फोटोवाला किती वाजता आला होता, मामा?"

"जेवणं झाल्यावर. ऊन चांगलं असतं म्हणाला."

५

एकच माणूस उरलं होतं, ज्याला कालपासून कुणी काहीच विचारलं नव्हतं.

"तिच्याजवळ विषय काढायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी दारातच अडवलं. "तिला आठवण होईल."

"तिला विसर पडलाय असं वाटतं तुम्हाला?" आक्का म्हणाल्या. "वर्गात पहिल्याच दिवशी मी काय सांगते? सरळ विचारा. मरणाचं नाव काढल्याने मरण सुचत नाही. न काढल्याने माणूस एकटं पडतं. तुम्हीही बसा आत, मी चुकले तर थांबवा."

डॉक्टरीणबाई बाजूला झाल्या, मग आत येऊन बसल्या.

शिवणकामवाली बाई उशांवर टेकून छताकडे बघत होती. आक्कांनी स्टूल ओढलं आणि तिच्या नजरेच्या उंचीला बसल्या.

"ताई, काल तुम्हाला मरावंसं वाटत होतं?"

तिची नजर छतावरच होती. मग म्हणाली, "सकाळी नव्हतं वाटत. सकाळी तर मी त्या गुणगुणणाऱ्या पोरीला म्हटलं, तुझा गणवेश ढगळ आहे, बरी झाले की कमरेत आत घेऊन देते."

"मग?"

"गोळीने डोळे मिटत होते. कुणीतरी उठवलं, चाकाच्या खुर्चीत बसवलं. मागून ढकलत होतं, तोंड दिसलं नाही. बाईमाणूस होतं. तोंडाला मास्क असावा, आवाज कोंडल्यासारखा. म्हणाली, थोडाच वेळ हं ताई, तुमची खोली जरा लागतेय. दुसऱ्या खोलीत पलंगावर निजवलं आणि गेली." ती आता आक्कांकडे बघू लागली. "मी आडवी पडून बघितलं. तिथे सगळं होतं, बाई. जे जे माझ्या खोलीतून मला न सांगता काढून नेलं होतं, ते सगळं तिथे मांडून ठेवलं होतं. मला वाटलं, यांनी मुद्दाम आणलंय मला इथे. खोली लागतेय ना यांना. जा म्हणून सांगतायत."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला.

आक्कांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "नाही ताई. तुम्ही जावं असं इथे कुणालाही वाटत नव्हतं. घोर चूक झालीय, आणि ती तुमची नाही. उद्या मी ती सगळ्यांसमोर मांडणार आहे. तुमचं बोलणं सांगितलं तर चालेल?"

"सांगा," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नव्हतं."

"आत्ता कसं वाटतंय? परत तसं काही मनात आलं तर?"

"आलं तर हाक मारीन." तिने विचारलं, "कुणी येईल ना?"

६

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. टोकाला साहेब, उजवीकडे मेट्रन, डावीकडे डॉक्टरीणबाई. चिमणीला खुर्ची दिलेली नव्हती. आक्कांनी आल्या आल्या आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"लवकर आटपू या," साहेब म्हणाले.

"आटपू या. ही मुलगी काचेतून बघत होती. तुमच्या हुकुमाप्रमाणे. तिला पलंगावर कुणीतरी झोपलेलं दिसलं. उजव्या कुशीवर. शिवणकामवाली बाई उजव्या कुशीवर झोपूच शकत नाही, हे डॉक्टरीणबाई सांगतील."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "अजिबात नाही."

"मग पलंगावर कोण होतं? त्याच दुपारी शिकवणीच्या खोलीतली ठकीची खुर्ची रिकामी होती. मामांनी ती पाहिली. संध्याकाळी ठकी कपाटात उगवली, आणि मी ठेवते तशी नाही. पलंगावर ठकी होती, साहेब."

"बाहुली? आणि तिला पलंगावर कोण कशाला ठेवेल?"

"फोटोसाठी. रुग्णाचा फोटो काढता येत नाही, काढूही नये. म्हणून बाहुली. कोपऱ्यातल्या खोलीत दुपारचं ऊन सुंदर येतं, म्हणून ती खोली. मुलीने ओढलेले पडदे उघडले ते त्यासाठी. आणि त्या खोलीतली खरी बाई मध्ये येत होती, म्हणून तिला उचलून रिकाम्या दिसणाऱ्या खोलीत नेऊन ठेवली. माझं कुलूप दुसऱ्या किल्लीने उघडून." आक्कांनी साहेबांपुढची गुळगुळीत पानं बोटाने दाखवली. "कच्ची प्रत आलीच असेल. बघा."

साहेबांनी पानं उलटली. एका पानावर सोनेरी ऊन होतं, उशीवर वेणी होती, भिंतीकडे तोंड करून कुणीतरी निवांत झोपलं होतं. खाली ठळक लिहिलं होतं की येथे आपल्या माणसावर सतत लक्ष असते.

साहेबांनी ते पान टेबलावर ठेवलं. मग ते म्हणाले, "फोटो काढा असं मी सांगितलं होतं. रुग्णाला कुठे ठेवलं ते मला... हे कुणी केलं?"

"फोटोत पायथ्याशी पांघरुणाचा कोपरा दिसतोय. तिरका, ताणून दुमडलेला. खोलीत तो अजूनही तसाच आहे. ठकीला वरच्या बाजूने ओढून काढलं, कोपरा तसाच राहिला. तो घालणारी एक मी. मी वर्ग संपवून घरी गेले होते, फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला रिक्षात बसवलं." आक्का थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना नको होतं. "दुसरी माझ्या पहिल्या तुकडीतली. तिच्या दुमडीवरून नाणं सगळ्यांत उंच उडायचं."

मेट्रनने तोंडावरचा मास्क काढला. परवापासूनच्या सर्दीने तिचं नाक लाल झालं होतं, की दुसऱ्या कशाने, कळत नव्हतं.

"थोडाच वेळ ठेवणार होते, आक्का. फोटोवाला घाई करत होता. फोटो झाले आणि साहेबांचे पाहुणे आले, मला खाली बोलावलं. मी... मी विसरले. आठवलं तेव्हा मामांची आरोळी ऐकू आली. सगळे तिकडे धावले, मी कोपऱ्यातल्या खोलीकडे धावले. ठकीला चादरीत गुंडाळून लपवलं आणि शांत झाल्यावर कपाटात ठेवली."

"पण त्याच खोलीत का गं ठेवलीस तिला?"

"दारावर सुरक्षा प्रशिक्षण लिहिलंय! मला वाटलं, वॉर्डातली सगळ्यांत सुरक्षित खोली तीच असेल." तिचा आवाज फुटला. "आत काय काय ठेवता ते मला माहीत नव्हतं."

आणि ते खरं होतं. वर्ग सर्वांना सक्तीचा होता. मेट्रन दर वेळी निरोप पाठवायची, की मी आक्कांच्याच हाताखाली शिकले, मला सगळं येतं. आक्कांना त्या निरोपाचा अभिमान वाटायचा.

"न कळून झालं ते चूक," आक्का म्हणाल्या. "कळल्यावर या पोरीला तोंडघशी पडू दिलंस, ते पाप. पहिल्यासाठी मी तुझ्या शेजारी उभी राहीन. दुसऱ्यासाठी नाही."

साहेब खाकरले. "हे आपसात मिटवता येईल. बाहेर वाच्यता—"

"होणार." आक्कांनी टेबलावर तळवा टेकवला. "त्या बाईच्या घरच्यांना आज सांगायचं, खरं तेच सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मी निवृत्त आहे, मला काढून टाकायची सोय तुमच्याकडे नाही. ही मुलगी कामावर राहील. दार न उघडण्याचा हुकूम आत्ता, या बैठकीत, रद्द होईल. आणि पुढच्या वर्गाला पलंगावर पहिल्यांदा तुम्ही आडवे व्हाल."

"मी?"

"बूट काढून."

"आणि नाही झालो तर?"

"तर ते पान आहे तसं छापा," आक्का म्हणाल्या. "मी प्रत्येकाला सांगेन की त्या उन्हात कोण झोपलंय."

७

मेट्रनने घरच्यांना स्वतः सांगितलं. बाईच्या मुलाने तिला जे जे ऐकवलं, ते तिने मान खाली घालून ऐकलं. मग तिने पद सोडलं. तिचं पुढे काय करायचं याची चौकशी चालू होती. तिच्या मनात मात्र पहिली गोष्ट वर्गाची होती. त्या आठवड्यात ती शेवटच्या रांगेत येऊन बसली. आक्कांनी तिला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि थोड्या वेळाने "मागची, पुढे ये" म्हणून हाक मारली.

साहेब पलंगावर पडले. मोज्याला भोक होतं, ते मामांनी सर्वांच्या आधी पाहिलं आणि आयुष्यभर पुरेल इतकं लक्षात ठेवलं. पण थोड्या वेळाने साहेबांचा चेहरा बदलला. त्यांची नजर खोलीत एका जागी थांबली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्यांनी हळूच विचारलं, "हे सगळं... इथून एवढं दिसतं?"

"तिला दिसलं होतं," आक्का म्हणाल्या.

शिवणकामवाली बाई महिनाभराने घरी गेली. बरी झाली असं तिने म्हटलं नाही, हाक मारायला शिकले एवढंच म्हणाली. जाण्याआधी चिमणीचा गणवेश तिने कमरेत आत घेऊन दिला, चिमणीला समोर बसवून, तिच्या देखरेखीखाली. कुणाची देखरेख कोण करतंय, यावरून दोघी वाद घालत होत्या.

शिकवणीच्या खोलीत आक्कांनी आणखी एक बदल केला. दाराच्या काचेवर आतून जाड तपकिरी कागद चिकटवला. साहेबांनी विचारलं, बाहेरून आतलं दिसणार कसं?

"या खोलीत नाही दिसणार," आक्का म्हणाल्या. "इथे शिकायला येणाऱ्याला आत कोण आहे ते बघायचं असेल, तर त्याने दार उघडावं, आत यावं, आणि तिला हाक मारावी."

आत खुर्चीत ठकी बसली होती, तोंड दाराकडे करून.